लादीच्या मागची बाजू

पुण्यात धायरीच्या बाजूला घेतलेल्या आमच्या सदनिकेचा ताबा ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यातले एक न्हाणीघर आम्हाला थेट स्लॅबपर्यंत उकरावे लागले. मधला काळ अवघा साडेपाच वर्षांचा. चार फूट रुंद आणि सात फूट लांब अशी ही लहानशी खोली; भिंतींना सात फुटांपर्यंत पांढरट लाद्या, खाली करड्या रंगाच्या खरखरीत लाद्या, एका कोपऱ्यात पाणी वाहून जाण्याचा जाळीचा नहाणी ट्रॅप आणि भिंतीत दडवलेल्या नळांच्या रेषा. ताबा घेताना ती इतकी नीटनेटकी दिसत होती की आम्ही दारांच्या कड्या आणि खिडक्यांच्या सरकपट्ट्या तपासण्यात तासभर घालवला, न्हाणीघरात मात्र नळाला पाणी येते की नाही एवढेच पाहून बाहेर पडलो. लाद्या बसवलेले न्हाणीघर पंधरा-वीस वर्षे तरी मोठ्या दुरुस्तीशिवाय टिकावे, अशी माझी अपेक्षा होती आणि ती अवास्तव नव्हती असे मला आजही वाटते.

हे सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे की आमच्याच इमारतीत आणखी चार घरांत हाच प्रकार सुरू झाला आहे आणि त्यांपैकी प्रत्येक घरात पहिला उपाय म्हणून पांढऱ्या सिमेंटची पिशवी आणली गेली आहे. आम्हीही तेच केले होते, आणि त्यात आमची अडीच वर्षे गेली.

खराबीची सुरुवात कळेल न कळेल अशी झाली. २०२२ च्या पावसाळ्यानंतर अंघोळीच्या कोपऱ्यातील दरजांमधले, म्हणजे दोन लाद्यांमधल्या फटींतले, पांढरे सिमेंट ठिकठिकाणी निघाले आणि त्या जागी बुरशीच्या काळपट रेषा दिसू लागल्या. घासल्या की जात आणि आठ दिवसांनी परत येत. पुढे खालच्या दोन ओळींतील लाद्यांच्या कडांना मिठासारखी पांढरी पूड फुटू लागली. न्हाणीघराची एक भिंत शयनगृहाला लागून आहे. तिच्या पलीकडच्या अंगाला, कपाटामागे, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले. दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचून राहू लागले आणि सासूबाईंचा पाय तिथे एकदा घसरला, तेव्हापासून त्या आत जाण्याआधी कोणीतरी तिथले पाणी ओढून काढायचे असा घरात नियमच झाला. ही चारही लक्षणे एकाच दुखण्याची आहेत हे तेव्हा मला उमगले नाही. बुरशीसाठी एक औषध, पुडीसाठी दुसरे, पापुद्र्यांसाठी पुट्टी आणि रंग, असे मी प्रत्येकावर वेगवेगळे उपाय करत राहिले.

वास्तविक त्या पांढऱ्या पुडीनेच मला सावध करायला हवे होते. पाणी लादीच्या मागे शिरते, तिथल्या सिमेंट-वाळूतले क्षार विरघळवून घेते, दरजेतून बाहेर येऊन वाळते आणि क्षार तिथेच ठेवून जाते. म्हणजे ती पूड दिसली की लादीच्या मागे पाण्याची ये-जा सुरू आहे हे नक्की समजावे. ती पुसून टाकणे म्हणजे ताप आल्यावर कपाळावरचा घाम पुसण्यासारखे आहे.

आमच्या उपायांपैकी एक तर सरळसरळ घातक होता. आमच्या भागात वर्षातले बरेच महिने टँकरचे पाणी येते. ते बहुधा बोअरचे, जड पाणी असते आणि त्याचे पांढरे डाग लाद्यांवर व नळांवर धरतात. ते काढण्यासाठी आम्ही दर आठवड्याला किराणा दुकानात मिळणारे ॲसिड वापरत असू. या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि सिमेंटमधला चुन्याचा अंश त्या आम्लात विरघळतो. लादीवर ओतल्यावर जो फेस उसळतो त्यात डागाबरोबर दरजेतले सिमेंटही जात असते. दरजा मुळातच कच्च्या होत्या हे खरे, पण त्या इतक्या लवकर उघड्या पडण्याला आमच्या हातचे ॲसिडही कारण झाले, आणि याची मला मनापासून खंत आहे.

बांधकाम व्यावसायिकाला आम्ही कळवले नाही असे नाही. २०२२ च्या अखेरीस फोन केला, त्यांचा माणूस आला, त्याने अर्ध्या दिवसात दरजा खरवडून त्यांत पांढरे सिमेंट भरले आणि तो गेला. सहा महिन्यांत सगळे पूर्ववत झाले. पुन्हा फोन, पुन्हा तोच माणूस, पुन्हा पांढरे सिमेंट. इथे आमच्याकडून जी चूक झाली ती इतर कोणाकडून होऊ नये, म्हणून स्पष्ट लिहिते. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यातील कलम १४ च्या पोटकलम ३ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातील, कारागिरीतील किंवा कामाच्या दर्जातील दोष प्रवर्तकाच्या, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या, निदर्शनास आणून दिला, तर तो ३० दिवसांच्या आत कोणतेही शुल्क न घेता दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर असते, आणि तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. आमचा सगळा व्यवहार तोंडी होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हा आमच्याजवळ ना एखादे पत्र होते, ना ईमेल, ना तारीख असलेले एखादे छायाचित्र. आता कोणी मला विचारले, तर मी पहिल्या काळ्या रेषेलाच लेखी तक्रार करायला सांगते. सोबत छायाचित्रे जोडावीत, कोणत्या लाद्या पोकळ वाजतात त्यांचा हाताने काढलेला नकाशा जोडावा आणि ‘दरजा भरून देऊ नका, आधी पाणी साठवून चाचणी घ्या’ अशी मागणी त्याच पत्रात करावी.

डिसेंबर २०२४ मध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. “अगं, माळ्यावरचे डबे काढायला गेले तर सगळे खालून ओले. जरा येऊन बघतेस का?” असे त्या म्हणाल्या, तेही अत्यंत संकोचाने. त्यांच्या न्हाणीघरावर पोटमाळा आहे आणि त्यावर त्या दिवाळीच्या फराळाचे मोठे डबे ठेवतात. स्टुलावर चढून मी विजेरीचा झोत टाकला, तर आमच्या नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली स्लॅबवर थाळीएवढा तपकिरी डाग पडला होता आणि त्याच्या मधोमध पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो पडायला किती वेळ लागतो ते मी मोजले. तीन मिनिटे लागली. एवढ्याशा थेंबाचे काय, असे मनात येऊ शकते, परंतु हेच पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचले की सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्याच्या दाबाने काँक्रीट फुटते आणि मग प्रश्न लाद्यांचा राहत नाही, इमारतीचा होतो. काकूंच्या घरातून वर आल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही ठरवले की आता वरवरचे काही करायचे नाही. सोसायटीच्या उपविधींनुसारही घरातल्या न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे कोणाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

तीन जणांना बोलावले. पहिल्याने स्लॅबला भोके पाडून त्यांत रसायन दाबाने भरण्याचा एका दिवसाचा उपाय सुचवला. दुसरा म्हणाला की तोडफोड कशाला करता, आहे त्याच लाद्यांवर नव्या लाद्या चिकटवून देतो. तिसरे एक वयस्कर मिस्त्री होते, मूळचे लातूरकडचे. त्यांनी दर सांगितलाच नाही. खिशातून एक रुपयाचे नाणे काढून ते भिंतीवरची एकेक लादी वाजवत गेले. चांगली बसलेली लादी भरीव, आखूड आवाज देते आणि पोकळ लादी रिकाम्या डब्यासारखी वाजते. हा फरक सांगितल्यावर माझ्याही कानाला लगेच कळू लागला. खडूने खुणा करत ते सबंध खोली फिरले, तेव्हा अंघोळीच्या कोपऱ्यातली जवळजवळ प्रत्येक लादी फुलीने भरली होती. मग ते म्हणाले, “ताई, पाणी कुठून जातंय ते आधी बघू. तोडायला काय, एक दिवस लागतो.” काम त्यांनाच द्यायचे हे तिथेच ठरले.

पाण्याचा माग काढण्याची त्यांची रीत सोपी होती आणि ती प्रत्येकाने घरी करून पाहण्यासारखी आहे. गळती अहोरात्र एकसारखी चालू असेल तर संशय भिंतीतल्या नळांच्या रेषेवर घ्यायचा, अंघोळीनंतर वाढत असेल तर जमिनीवर किंवा सांडपाण्याच्या पाइपावर, आणि केवळ पावसाळ्यात होत असेल तर बाहेरच्या भिंतीवर. आम्ही आधी न्हाणीघराचा मुख्य कॉक दोन दिवस बंद ठेवून दुसरे न्हाणीघर वापरले. काकूंकडचा थेंब मंदावत गेला, पण एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता, कारण या काळात जमिनीवरही पाणी पडले नव्हते. मग प्लंबरने सर्व नळांची तोंडे बुचांनी बंद करून हातपंपाने रेषेत दाब भरला आणि दाबमापकाचा काटा तासभर जागचा हलला नाही, म्हणजे नळांची रेषा निर्दोष होती. शेवटी काकूंना विचारून, त्यांच्या माळ्यावर घमेले ठेवून, आम्ही ट्रॅपचे तोंड प्लास्टिक आणि फडक्याच्या बोळ्याने बंद केले आणि जमिनीवर दीड इंच पाणी साठवले. भिंतीला चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेले होते आणि खाली घमेल्यात ते स्पष्टपणे टपकत होते. दोष जमिनीत होता, आणि भिंतीच्या पोकळ लाद्यांमागून उतरणारे पाणीही अखेर त्याच जमिनीत मुरत होते.

३ फेब्रुवारीला तोडकाम सुरू झाले. पहिली लादी काढायला मिस्त्रींनी हातोडा उचललाच नाही. दरजेत छिन्नीचे टोक सरकवून हलकेच उचकटले आणि लादी अखंड हातात आली. त्यांनी ती उलटी करून माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला पाच ठिकाणी, चार कोपऱ्यांत आणि मध्ये, सिमेंटचे वाळलेले गोळे होते. उरलेल्या भागावर कारखान्याचे उठावदार चौकोन आणि छापाची अक्षरे इतकी स्वच्छ होती, की लादी नुकतीच खोक्यातून काढली असावी. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत काळसर, बुळबुळीत थर धरला होता आणि बंद टाकी उघडल्यावर येतो तसा कुबट वास आला. भिंतीच्या बाजूला हात लावला तर गिलावा खरोखर थंडगार आणि ओला होता. “ही लादी धरलेलीच नव्हती हो,” मिस्त्री म्हणाले, “नुसती टेकून उभी होती.” चांगली बसवलेली लादी काढताना फुटते, अखंड निघत नाही. आमच्या भिंतीवरच्या ८७ लाद्यांपैकी पन्नासहून अधिक लाद्या संध्याकाळपर्यंत अखंड निघाल्या आणि बाल्कनीत एकीवर एक रचून ठेवल्या गेल्या. तो ढीग पाहताना मला राग आला आणि वाईटही वाटले, कारण पाच गोळ्यांऐवजी पूर्ण पाठीला माल लावायला त्या कारागिराला लादीमागे कदाचित एखादे मिनिट जास्त लागले असते. ते मिनिट त्याला कोणी दिले नसावे.

जमीन उकरल्यावर उरलेला उलगडा झाला. बैठ्या इमारतींच्या मोरीपेक्षा सदनिकेतल्या न्हाणीघराची रचना वेगळी असते. तिथला स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा साधारण आठ-दहा इंच खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यातून सांडपाण्याचा पाइप नेतात आणि मग विटांचे तुकडे सिमेंट-वाळूत बसवून, दाबून, वर गुळगुळीत कोबा करून तो भरतात. आमच्या खड्ड्यात कोबा नव्हताच. फुटक्या विटा, गिलाव्याचे ढेकळे, सेंट्रिंगच्या फळीचा एक तुकडा, सिमेंटच्या पिशवीचे कागद आणि सुटी वाळू असा बांधकामावरचा राडारोडा आत लोटून वर दीड इंच माल पसरला होता. स्लॅबवर जलरोधक थराचा एक पातळसा ओघळ अर्ध्या भागात दिसला, उरलेल्या भागात तोही नव्हता. सगळा भराव ओल्या स्पंजासारखा पाण्याने भरलेला. सुटा भराव पाण्याने बसत गेला, त्याबरोबर त्यावर टेकलेला ट्रॅप खचला, त्याचा पाइपाशी असलेला सांधा नखभर उघडला, जमिनीचा ढाळ उलटला आणि दाराच्या कोपऱ्यात पाणी साचू लागले. बुरशी, पूड, पापुद्रे आणि साचलेले पाणी, या सगळ्यांची एकच वाट त्या खड्ड्यापाशी येऊन मिळत होती. त्या २८ चौरस फुटांतून आणि भिंतींवरून निघालेल्या राडारोड्याच्या सत्तर गोण्या भरल्या. बिगारी काम करणाऱ्या दोन मुलांनी त्या तीन मजले उतरवल्या. लिफ्टमध्ये नेऊ दिल्या गेल्या नाहीत.

त्या दिवशी मला वाईजवळच्या आजोळच्या न्हाणीघराची फार आठवण झाली. शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर अळवाच्या आळ्यात जाणारे पाणी. माझ्या आईच्या लहानपणापासून माझ्या मुलीच्या लहानपणापर्यंत तिथे एकही फरशी बदललेली मला माहीत नाही. परंतु ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. ते न्हाणीघर जमिनीवर होते. फरशीच्या फटीतून चार तांबे पाणी मुरले तर ते मातीत जाई आणि अळू तरारून येई. आमचे न्हाणीघर काकूंच्या डोक्यावर आहे. त्यातून एक थेंबही खाली जाता कामा नये, आणि ही जबाबदारी लादी पार पाडू शकत नाही, तिची दरजही नाही. ती लादीखालच्या थरांनीच पार पाडायची असते. विक्रेत्याच्या दुकानात आपण लादीचा रंग निवडण्यात दोन दुपारी घालवतो आणि खालच्या थरांबद्दल एक प्रश्नही विचारत नाही, असे माझे तरी झाले होते.

पुन्हा बांधणीचे काम एकूण ३१ दिवस चालले आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस निव्वळ वाळण्याची आणि चाचणीची वाट पाहण्यात गेले. घाई असणाऱ्या घरात ही वाट पाहणे फार जड जाते, पण माझ्या मते या कामात पैशापेक्षा दिवस जास्त महत्त्वाचे आहेत. स्लॅब धुऊन, घासून आठवडाभर वाळू दिला. नवा ट्रॅप आणि पाइप स्लॅबवर पक्के बसवले. त्याशिवाय मिस्त्रींनी स्लॅबच्या पातळीवर एक बारीक पाइप बाहेरच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपापर्यंत नेला, म्हणजे पुढे कधी भरावात पाणी शिरलेच तर त्याला बाहेर पडायला वाट असावी. स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या काटकोनात पाणी आणि भेग दोन्ही घर करतात, म्हणून तिथे मालाचा गोलाकार वाटा काढला. मग पावडर आणि द्रव एकत्र करून लावायच्या पॉलिमरयुक्त सिमेंट लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा आणि दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती दोन हातांच्या मध्ये काचतंतूंची जाळी दाबून बसवली. हा लेप पाच दिवस वाळल्यावर पाणी साठवले आणि ७२ तास ठेवले.

या चाचणीत मिस्त्रींनी केलेली एक गोष्ट मला विशेष आवडली. त्यांनी शेजारीच एका पसरट टबात पाणी भरून त्यालाही पातळीची खूण केली. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते, त्यामुळे नुसती पातळी उतरली म्हणून गळती आहे असे म्हणता येत नाही. टबातले पाणी जेवढे उतरले तेवढेच जमिनीवरचे उतरले असेल तर थर निर्दोष आहे. तीन दिवसांनी दोन्हीकडे पातळी सारखीच, तीन मिलिमीटर उतरली होती. काकूंकडे नवा थेंब नव्हता.

मग भाजक्या विटांचे तुकडे पाण्यात भिजवून, मालात बसवून कोबा केला आणि त्याला सात दिवस पाणी मारले. कोब्यालाच दारापासून ट्रॅपपर्यंतच्या सहा फुटांत साधारण एक इंचाचा ढाळ दिला, कारण ढाळ लादीखालच्या मालाने देण्याचा प्रयत्न केला की एका टोकाला माल जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ होतो. कोब्यावर पुन्हा तोच लेप, भिंतीवर सर्वत्र फूटभर आणि अंघोळीच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत, आणि पुन्हा पाणी साठवून ४८ तासांची चाचणी. दोनदा कशाला, असे घरात विचारले गेले. पहिला थर काकूंच्या घरासाठी आहे आणि दुसरा आमच्या कोब्यासाठी, असे मिस्त्रींनी दिलेले उत्तर मला पटले.

लाद्यांविषयी मला या निमित्ताने जे कळले ते आधी कळायला हवे होते. भिंतीच्या साध्या सिरॅमिक लाद्या आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात, तर व्हिट्रिफाइड लाद्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुनी पद्धत अशी की लादी पाण्यात भिजवायची आणि सिमेंटच्या घोळावर बसवायची; सच्छिद्र लादीत सिमेंट थोडे शिरते आणि पकड येते. व्हिट्रिफाइड लादीच्या पाठीत काही शिरतच नाही, त्यामुळे तिला सिमेंटचा घोळ धरून ठेवू शकत नाही. तिला पॉलिमरयुक्त चिकटमाल लागतो. भारतीय मानक १५४७७ मध्ये अशा चिकटमालांचे प्रकार ठरवून दिलेले आहेत आणि पिशवीवर तो प्रकार छापलेला असतो. कोणत्या लादीला कोणता प्रकार चालतो हे विचारूनच पिशव्या घ्याव्यात. आमच्या सुमारे १६० चौरस फुटांना २० किलोच्या पाच पिशव्या लागल्या. मिस्त्रींनी दात्यांच्या थापीने भिंतीवर सारख्या रेघा ओढल्या, लादीच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसली, पाठीलाही पातळ हात दिला आणि लादी दाबून किंचित सरकवून बसवली. दर दहा-बारा लाद्यांनंतर ते एक लादी मुद्दाम उचलून तिची पाठ मला दाखवत. सबंध पाठ मालाने भरलेली असे. जमिनीसाठी फूटभर चौरस लाद्याच घेतल्या, कारण मोठी लादी ढाळाला वळत नाही. भिंतीवर दोन आणि जमिनीवर तीन मिलिमीटरची दरज ठेवली. लादीला लादी भिडवून ‘दरज दिसत नाही’ अशी बसवणी पुष्कळांना आवडते, पण लाद्यांना ओलाव्याने आणि उन्हाळ्याने फुगायला जागा लागते आणि बिनदरजेच्या फटीत भरायचा माल शिरतच नाही. दरजांत इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा भरावमाल, भरले. ते महाग आहे, झटपट पुसून घ्यावे लागते, पण पाणी शोषत नाही. भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांत मात्र सिलिकॉन भरले, कारण दोन भिंती थोड्याफार हलतातच आणि तिथे कडक माल तडकतो.

सगळ्या घरांना एवढी तोडफोड लागेल असे माझे म्हणणे नाही. नाण्याने वाजवल्यावर लाद्या भरीव लागत असतील, पाणी साठवण्याच्या चाचणीत पातळी टिकत असेल आणि केवळ दरजाच गेल्या असतील, तर त्या ब्लेडने पूर्ण खोलीपर्यंत खरवडून, खोली चार-पाच दिवस कोरडी ठेवून इपॉक्सी भरणे पुरेसे आहे. ओल्या दरजेवर भरलेले काहीही टिकत नाही. लादीवर लादी बसवण्याचा सल्ला मात्र मी कोणालाही सहज देणार नाही. खालची लादी टेकून उभी असेल तर वरची तिच्याच भरवशावर उभी राहते, शिवाय जमीन उंच होऊन ट्रॅप खोल जातो आणि दाराच्या उंबरठ्याची उंची कमी होते.

एकूण खर्च सुमारे १ लाख ६० हजार रुपये झाला. लाद्यांचा वाटा त्यात पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता.

आता ॲसिडची बाटली घरात येत नाही. अंघोळ झाली की जो तो रबरी पट्टीने भिंत आणि जमीन निपटून काढतो, त्यामुळे जड पाण्याचे डाग धरायला अवधीच मिळत नाही, आणि हवा बाहेर टाकणारा पंखा त्यानंतर अर्धा तास चालू ठेवतो. त्याच रंगाच्या, त्याच घाण्याच्या आठ लाद्या माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. भिंती बंद होण्यापूर्वी नळांच्या रेषांना मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे छापून विजेच्या फळीच्या दाराला आतून चिकटवली आहेत, म्हणजे पुढे कोणी खिळा ठोकताना आधी तिकडे पाहील.

काकूंचा स्लॅब वाळायला पूर्ण पावसाळा लागला. तपकिरी डाग आक्रसत गेला, पण त्यांनी घाईने रंग दिला नाही. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, छत खरवडून मगच रंगवले. त्यानंतर त्यांनी माळ्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवले आणि रोज सकाळी स्टुलावर चढून त्यावर हात फिरवून पाहिला. पंधरा दिवस कागद कोरडा राहिला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून डबे वर चढवले.